थांबलेली मोटर आणि तापलेला ड्रायव्हर

वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला पाण्याचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. तरी गेल्या उन्हाळ्यात आमची टाकी एका रात्रीत रिकामी झाली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांनी केळीला पाणी सोडण्याचे यंत्र केले होते. एक स्टेपर मोटर दातेरी चाकांच्या जोडीने नळाचा कॉक फिरवी. त्या रात्री कॉक अर्धा उघडाच राहिला.

सकाळी पाहतो तो मोटर मुकी. जरा वेळाने आपोआप हलली, पुन्हा थांबली. मुले म्हणाली, "सर, हिला जोर पुरत नाही." आणि त्यांनी ए४९८८ ड्रायव्हरवरचा बारीक स्क्रू आणखी पिळला! ताप आलेल्या माणसावर दुसरी घोंगडी घालावी, तसे झाले.

या मोटरची गंमत अशी, की ती उभी असतानाही वीज खाते. भरलेली कळशी हात लांब करून धरा. पाऊलभर न चालताही हात भरून येतो. आमची मोटर दिवसभर अशी कळशी धरून उभी होती. चिप सुमारे १६५ अंश सेल्सिअसला पोचली की जीव वाचवण्यासाठी स्वतःच बंद होते. पावले मोजणाऱ्या छोट्या संगणकाला ते कळत नाही. त्याच्या लेखी कॉक बंद झालेला असतो.

तेव्हा मोटर बदलण्याआधी मल्टिमीटर घ्या. काळी तार ग्राउंडला, लाल तार त्या स्क्रूला. आमच्याकडे १.३ व्होल्ट निघाले. बोर्डावरच्या रोधांवर 'आर१००' म्हणजे ०.१ ओहम लिहिले असेल, तर व्होल्टना ०.८ ने भागा, अँपिअर मिळतात. आमचे १.६ आले. मोटरवर १.२ लिहिलेले! आम्ही ०.६४ व्होल्टवर, म्हणजे ०.८ अँपिअरवर आणले. कॉक तेवढ्यावर बिनतक्रार फिरतो. तुमच्या बोर्डावर रोध वेगळा असेल तर प्रवाह, रोध आणि ८ यांचा गुणाकार करा, तितके व्होल्ट ठेवा.

चिपवर ॲल्युमिनियमचे हीट-सिंक बसवले. कॉक सोडला तरी जागचा हलत नाही, म्हणून फिरवून झाल्यावर 'एनेबल' पिनेला ५ व्होल्ट देऊन मोटरची वीजच तोडतो. एक मात्र सांभाळा: वीज चालू असताना मोटरची तार उपटू नका. आमचा एक ड्रायव्हर तसाच गेला, आणि तो मीच घालवला.

खाऱ्या हवेच्या भीतीने मुलांनी सारे घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडले होते. आता डब्याला खालून भोके आहेत आणि भोकांवर बारीक जाळी.