जिन्याच्या वर अडकलेली माणसे
(कळंब, ता. इंदापूर येथील व्याख्यानाचा मजकूर)



कळंबमध्ये बसून लिफ्टची चर्चा करणे काहींना चमत्कारिक वाटेल. येथील घरे बहुतांशी बैठी. परंतु घाटावरून पोटासाठी मुंबईला गेलेली कित्येक माणसे सरकारी चाळींतच म्हातारी झाली, आणि गावाकडे परतण्याइतकी जमीन साऱ्यांजवळ नव्हती. शिवाय याच शिवारात वसलेल्या वालचंदनगरच्या कारखान्याने २०२३ च्या चांद्रयानासाठी अग्निबाणाचे भाग घडविले. तेव्हा माणूस तीन मजले वर नेणे हा यंत्रविद्येचा प्रश्न उरलेला नाही. तो कोणाच्या पैशाने न्यायचा, एवढाच वाद आहे.

मुंबईच्या बी. डी. डी. चाळी १९२० नंतरच्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने विक्रोळीचे कन्नमवार नगर, कुर्ल्याचे नेहरू नगर, चेंबूरचे टिळक नगर वसविले. तेथेही जुन्या इमारती बहुधा तीन-चार मजल्यांवर थांबतात, कारण तेवढ्यात लिफ्टवाचून भागते आणि बांधकाम स्वस्त पडते. हा हिशेब मांडणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरली : कामगार कायम पंचवीस वर्षांचाच राहील. तो सत्तरीला पोचला, गुडघे गेले, आणि शासनाची बचत त्याच्या पायांवर खर्ची पडली. रुग्णाला खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवायचे, हा त्या बचतीचा कुठल्याही अंदाजपत्रकात न दिसणारा खर्च होय.

मग जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट का जोडू नये? येथे रचनेचा फरक ध्यानात घ्यावा लागतो. चाळीला सलग व्हरांडा असतो. एका टोकाला लिफ्ट बसविली तर मजल्यावरील वीसही बिऱ्हाडांना ती उपयोगी पडते. वसाहतींतील इमारतीत मात्र एका जिन्यावर मजल्यागणिक मोजकीच घरे. प्रत्येक जिन्याला वेगळी लिफ्ट हवी, आणि बाहेरची लिफ्ट पुष्कळदा जिन्याच्या मधल्या टप्प्यावरच उघडते; म्हणजे अर्धा जिना उरतोच. दर घरामागचा खर्च अनेकपट होतो. त्यात तळमजल्याचा रहिवासी म्हणतो, "मला लिफ्टचा काय उपयोग?" त्याचे म्हणणे खोटे नाही. सोसायटीच्या सभेत बहुधा येथेच विषय संपतो.

सिंगापूरमध्ये सरकारी इमारतींतील जुन्या लिफ्ट काही ठराविक मजल्यांवरच थांबत. २००१ पासून त्या प्रत्येक मजल्यावर थांबाव्यात म्हणून योजना निघाली. रहिवाशांचे मत घेतले गेले आणि खर्चाचा फार मोठा वाटा शासनाने उचलला. तो देश समाजवादी नव्हे! पण ज्या खर्चाची वाटणी शेजाऱ्या-शेजाऱ्यांत होऊ शकत नाही तो सार्वजनिक तिजोरीतून करावा लागतो, एवढे अर्थशास्त्र त्याला कळले.

आपल्याकडे उत्तर ठरलेले आहे : "पुनर्विकास होणारच आहे, मग लिफ्ट कशाला?" वरळीच्या चाळीतील ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या उंच इमारतींत घरे मिळाली. आनंदाची गोष्ट. परंतु तेथे लिफ्ट ही सोय नसून रस्ताच आहे, आणि रस्त्याची डागडुजी कोण करणार? झोपडपट्टी पुनर्वसनाचा अनुभव बोलका आहे. तेथे देखभालीसाठी दर सदनिकेमागे २०,००० रुपये ठेव ठेवण्याचा नियम होता. आठ टक्के व्याज धरले तरी महिन्याला १३३ रुपये होतात. त्यातच वीज, पंप, झाडलोट, आणि उरले तर लिफ्ट. ती बंद पडली की सातव्या मजल्यावरची मोलकरीण पूर्वीच्या झोपडीपेक्षा अधिक अडचणीत सापडते.

दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्याची मुदत घातली. शासनाने स्वतः बांधलेली राहती घरे मात्र त्या व्याख्येत सहज बसत नाहीत. ती बसवावीत, ही मागणी विधिमंडळात नेटाने मांडली पाहिजे. चाळींच्या व्हरांड्यांना प्रथम लिफ्ट द्यावी, कारण तेथे थोड्या पैशांत अधिक माणसे खाली येतात. आणि जेथे ती बसविणे अशक्य, तेथे तळमजल्याची खोली रिकामी झाली की ती वरच्या मजल्यावरील वृद्ध वा अपंग भाडेकरूला अदलाबदलीने, हस्तांतर शुल्क न घेता, आधी देऊ करावी. यासाठी यंत्र लागत नाही. गृहनिर्माण खात्याचे एक परिपत्रक पुरते.