प्रवरेच्या उगमाकडे
(शिक्षक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा लेखी पाठ)



दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलीचे बेत सुरू होतात. पालकांची संमतिपत्रे, वर्गणी, एस. टी. ची मागणी, शिधासामग्री यांत शिक्षकाचे पंधरा दिवस जातात. आणि ज्या स्थळी जावयाचे ते मात्र बहुधा गेल्या वर्षीच्या यादीतून उचलले जाते. मुले गाडीतून उतरतात, छायाचित्र निघते, भेळ खाऊन पुन्हा गाडीत बसतात. दुसऱ्या दिवशी वर्गात ‘काय पाहिले?’ असे विचारल्यास ‘मोठे पाणी पाहिले’ एवढेच उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही; परंतु ते पाणी कोठून आले आणि कोणाच्या शेतात गेले, हे त्या मुलास कोणी दाखविलेले नसते.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा अकोले तालुका हे पाहण्यास फार सोयीचा आहे. नेवासे, राहुरी, श्रीरामपूर, राहाता या भागांतील शाळांनी तर तो अवश्य पाहावा. प्रवरेच्या कालव्यांवर तेथील ऊस वाढला, आणि त्या उसावर प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५०–५१ च्या हंगामात पहिले गाळप केले. ज्ञानेश्वरी जेथे सांगितली गेली ते नेवासेही प्रवरेच्याच काठी आहे. असे असून तेथील मुलास प्रवरा म्हणजे घराजवळचा कालवा, एवढीच ओळख असते. म्हणून सहलीचा मार्ग नदीच्या उलट, खालून वर असा आखावा.

वाटेत प्रथम रंधा धबधबा लागतो. येथे प्रवरा सुमारे पन्नास मीटर खोल दरीत उडी घेते. मात्र हिवाळ्यात धरणातून पाणी सोडलेले नसेल तर काळा कातळ आणि तळचा डोह एवढेच दिसते. मुले हिरमुसतात. त्या वेळी शिक्षकाने गप्प बसू नये. नदीचे वाहणे येथे आता पावसावर नसून धरणाच्या दारावर अवलंबून आहे, हे समजावण्यास कोरड्या धबधब्यासारखे साधन नाही. कड्याच्या काठाशी मात्र कोणत्याही मुलास जाऊ देऊ नये.

ते दार पुढे भंडारदऱ्यास दिसते. विल्सन धरणाचे काम १९१० साली सुरू होऊन १९२६ साली पुरे झाले. सुमारे ८२ मीटर उंचीची ही भिंत दगडी बांधकामाची आहे. एवढे दगड कोणी फोडले, कोणी वाहिले, असा प्रश्न एखादे चौकस मूल विचारीलच. शिलालेखांवर मजुरांची नावे नसतात, हे त्यास सांगण्यास हरकत नाही. याच मुलुखातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी इंग्रज सत्ता व सावकारी यांविरुद्ध बंड केले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात त्यांस फाशी झाली, हेही भिंतीच्या सावलीतच सांगावे.

जलाशयास वळसा घालून रतनवाडीस गेल्यावर अमृतेश्वराचे मंदिर लागते. शिखरावरील नक्षी, खांबांवरील आकृती आणि शेजारची देवकोष्ठे असलेली पुष्करणी पाहण्यास एक तासही अपुरा पडेल. चित्रकलेच्या वह्या गाडीत न ठेवता येथे उघडाव्यात. वर रतनगड उभा आहे. त्याच्या माथ्यावरील आरपार भोकास ‘नेढे’ म्हणतात. नेढे म्हणजे सुईचे भोक. या गडाच्या परिसरात प्रवरा उगम पावते. गडाच्या वाटेवर शिड्या आहेत. प्राथमिक वर्गांच्या मुलांना गड खालूनच दाखवावा. बारी गावावरून चढावयाचे कळसूबाई शिखर (१,६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वोच्च), हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आणि साम्रदची सांदण दरी यांविषयीही तोच विवेक हवा. ही स्थळे भव्य आहेत यात शंका नाही. परंतु चाळीस मुले आणि दोन शिक्षक यांच्यासाठी ती नाहीत.

घाटघरचा कडा मात्र चुकवू नये. काठापासून दूर, सुरक्षित जागी मुलांना बसवावे. समोर कोकण खाली पसरलेले असते. कड्याच्या अलीकडे पडलेला पाऊस प्रवरा-गोदावरीवाटे बंगालच्या उपसागरास मिळतो, पलीकडे पडलेला अरबी समुद्रास. भूगोलाच्या पुस्तकातील ‘जलविभाजक’ हा कठीण शब्द येथे पाच मिनिटांत समजतो. येथील वीजप्रकल्पात वरच्या तलावाचे पाणी खालच्या तलावात सोडून वीज काढतात आणि विजेची मागणी कमी असताना तेच पाणी पुन्हा वर चढवितात. ही युक्ती मोठ्या मुलांना विशेष रंजक वाटते.

घाटघरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जिल्ह्याच्या पूर्व भागात तो पाचसहाशे मिलिमीटर. तरीही उन्हाळ्यात या डोंगरातील कित्येक वाड्यांच्या विहिरी आटतात आणि बायका हंडे घेऊन दूरवर चालतात. उतार तीव्र, माती पातळ, खाली काळा पाषाण. पाणी मुरत नाही, धावत सुटते. धरणात ते साठते खरे, पण धरण खाली आणि वाड्या वर. शिवाय ते पाणी कालव्यांसाठी राखलेले. ही गोष्ट मुलांपासून लपवून केवळ देखावा दाखविणे म्हणजे अर्धाच धडा शिकविणे होय.

त्यासाठी निघण्यापूर्वी रतनवाडी किंवा घाटघर येथील शाळेस पत्र पाठवावे आणि तेथील मुलांबरोबर दोन तास काढावेत. महादेव कोळी व ठाकर समाजांतील ही मुले. भातखाचर, नागली, वरई, कारवीच्या कुडाच्या भिंती यांची माहिती ती जशी देतील तशी भाडोत्री वाटाड्या देणार नाही. जाताना खाऊचे वाटप करून दात्याचा आव आणू नये. वेळ उरल्यास परतीच्या मार्गावर कोंभाळणे येथे, आधी विचारून, थांबावे. शाळेची पायरी न चढलेल्या राहीबाई पोपेरे यांनी तेथे देशी बियाण्यांचा संग्रह केला. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

परतल्यावर निबंध लिहून घेण्याची घाई करू नये. आठ दिवसांनी, कालव्यास पाणी येईल त्या दिवशी वर्ग काठावर न्यावा आणि ते कोठून निघाले ते मुलांकडून वदवून घ्यावे. रतनवाडीच्या मुलांना पत्र लिहावयाचे असेल तर तेही त्याच दिवशी, तेथेच बसून लिहावे.