कॅमलबॅकचा उतार

(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)

मंडळी, परदेशवारीवर बोला असं सेक्रेटरींनी सांगितलं. नायगरा-बियगरा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय, म्हणून मी एका डोंगराबद्दल बोलतो. तेही चढण्याबद्दल नाही, उतरण्याबद्दल. आपल्या सोसायटीतली मुलं हल्ली दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर असतात, त्यांनी जरा कान इकडे द्यावा.

लेक फीनिक्सला असते. ॲरिझोनाचं वाळवंट. शहरातच बसलेल्या उंटासारखा कॅमलबॅक, उंची सुमारे 2,700 फूट. प्रत्यक्ष चढ सिंहगडाहून कमी, पण शेवटचा टप्पा म्हणजे नुसते धोंडे. वाटा दोन, एको कॅन्यन आणि चोया. आम्ही पाच जण फेब्रुवारीत चोयाने गेलो. वरच्या भागात पायवाट अशी नाहीच; दगडांवर निळे ठिपके रंगवलेत, ते धरून जायचं.

उतरताना ठिपके दिसेनासे झाले. समोर एक घळ सरळ खाली जात होती. खाली बंगले, त्यांचे स्विमिंग पूल, अगदी हाकेच्या अंतरावर. जावईबापूंचा एक तरुण मित्र म्हणाला, "काका, शॉर्टकट!" आणि आठ-दहा पावलं उतरलासुद्धा. मी त्याला तिथेच थांबवलं.

घळ ही पाण्याची वाट. पाणी कड्यावरून उडी घेतं, आपण कशी घेणार? वाळवंटात अशा घळी पुष्कळदा मध्येच कोरड्या धबधब्यावर संपतात. वरून तो कडा दिसतच नाही, त्याच्या पलीकडचं मैदान तेवढं दिसतं. म्हणून घरं जवळ वाटतात. बसत-घसरत आठ फूट खाली जाता येतं, पण तेवढंच परत चढता येईल याची खात्री नाही. मग हेलिकॉप्टर! त्या डोंगरावरून अग्निशमन दलाला माणसं उतरवून आणावी लागतात. परतफेड कुठून होणार हे पाहिल्याशिवाय आम्ही बँकेत कर्जाच्या कागदावर सही करत नसू. इथेही तोच हिशेब.

शेवटचा ठिपका दिसला होता तिथवर परत चढलो. दमलेल्या माणसाला पुन्हा चढ म्हटलं की कुरकुर होणारच, झाली. सगळे बसले, पाणी प्यायले. एकच जण हाकेच्या टप्प्यात राहून शोधत फिरला. ठिपका डावीकडच्या धोंड्याच्या खालच्या अंगाला निघाला. चढणाऱ्याला समोर दिसणारी बाजू उतरणाऱ्याला दिसत नाही! म्हणून चढतानाच मधूनमधून मागे वळून वाट पाहून ठेवावी. आपल्या सह्याद्रीतही हे लागू आहे, नळीच्या वाटेला तर नक्कीच.

पाणी निम्मं तरी उतारासाठी राखायचं. उन्हाळ्यात तर विचारूच नका. अति उष्णतेचा इशारा असला की 2021 पासून तिथली महापालिका भर दुपारी वाटच बंद ठेवते.

आणखी एक. आपण उतरताना कारवीला धरतो. तिथे हाताशी येतं ते चोया निवडुंग. वाटेचं नाव त्याच्यावरूनच. त्याच्या काट्यांना बारीक उलटी कुसळं असतात. बोटांनी काढायला गेलात की तो दुसऱ्या हातात रुततो, कंगव्यानेच उडवावा लागतो. लेकीने पिशवीत कंगवा टाकला तेव्हा मला वाटलं फोटोसाठी असेल. खाली आल्यावर शॉर्टकटवाल्याच्या बुटातून त्याच कंगव्याने दोन गोळे काढले.