शेठ, पगार किती देणार?



आजच्या सभेच्या विषयपत्रिकेत शिकता शिकता काम धरणाऱ्या मुलांच्या मुलाखतीचा माझा विषय वाचून लासलगावच्याच एका व्यापारीमित्राने मला हटकलं, ‘खळ्यावर पोरगं ठेवायला कसली आलीय मुलाखत?’ मी म्हटलं, शेठ, तुम्ही रोज घेता, फक्त तिला मुलाखत म्हणत नाही.

ती कशी होते ते इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कांद्याचं खळं असो, मेडिकल असो, कृषी सेवा केंद्र असो की झेरॉक्सचं दुकान. गल्ल्यावरचा माणूस मान वर करून विचारतो, ‘कुणाचा रे तू?’ मुलगा वडिलांचं नाव सांगतो. ‘कुठला?’ थेटाळे, कोटमगाव, विंचूर, जे असेल ते. ‘हां हां, ओळखतो की. ये उद्यापासून.’ मुलगा खुशीत घरी जातो. रात्री आई विचारते, पगार किती? ते विचारायचं राहिलेलं असतं. किती वाजता जायचं आणि सुटायचं किती वाजता, परीक्षेत सुट्टी मिळेल का, सगळंच राहिलेलं असतं. महिना भरला की ऐकायला मिळतं, ‘घरचंच आहे, बघू.’

मला आज बोलायचंय ते या ‘घरचंच आहे’बद्दल. ओळखीने काम मिळतं, यात वाईट काही नाही. पण ओळखीने मिळालेल्या कामात तोंड उघडायची लाज वाटते, आणि ती लाज घालवणं हीच आपल्याकडच्या मुलांची मुलाखतीची खरी तयारी आहे. शहरातल्या पुस्तकांतून ‘मायसेल्फ अमुक अमुक’ पाठ करून काही होत नाही. ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ असं लासलगावात कोणी विचारत नाही. इथे संध्याकाळपर्यंत भाव किती राहील ते सांगता येत नाही, तिथे पाच वर्षांचं काय घेऊन बसलात!

काम करून शिकणं महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू केलं, आणि मुलांनी श्रम करून शिकावं हे तिथे रुजवलं. ते स्वतःही साताऱ्यात शिकवण्या करत. लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. आज आपल्या पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना त्यांच्याच नावाने चालते. त्या योजनेत काम किती तास, तासाला किती, हे कागदावर असतं आणि तास संपला की मुलगा वर्गात जातो. दुकानात मात्र त्याच्या अभ्यासाचे तास राखणारी संस्था नसते. तिथे तो स्वतःच संस्था. म्हणून आपला वेळ त्यानेच पहिल्या दिवशी सांगायला हवा.

आता आपल्या गावचं कॅलेंडर बघा. दिवाळीच्या तोंडावर कापडदुकानांना पोरं हवी असतात, नेमक्या त्याच सुमारास सत्राच्या परीक्षा. द्राक्षाचे पॅकहाउस जानेवारीपासून गजबजतात. मार्च सरता सरता उन्हाळ कांदा यायला लागतो. एप्रिल-मेमध्ये बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरची रांग, आणि कॉलेजात पुन्हा परीक्षा. म्हणजे ज्या आठवड्यात शेठला माणूस सगळ्यात जास्त हवा, त्याच आठवड्यात मुलाला पुस्तक सोडवत नाही. हे भांडण दरवर्षी होतं आणि दरवर्षी दोघंही अचंबा करतात. वेळापत्रकाची झेरॉक्स खिशात घेऊन जा. ‘सकाळी कॉलेज आहे, दुपारच्या लिलावापासून सातपर्यंत येईन, या पंधरवड्यात परीक्षा आहे, तेव्हा येणार नाही’ असं सांगा. माझा अनुभव असा की असं सांगणाऱ्या मुलाला शेठ नाही म्हणत नाहीत. त्यांना राग येतो तो न सांगता दांडी मारणाऱ्याचा.

आणि शेठ पारख कशाने करतात? मला विचाराल तर काटापट्टीने, म्हणजे वजन-भावाच्या हिशेबाच्या कागदाने. एक पट्टी सांगतो, घरी मुलांना घालून बघा. कांद्याने भरलेल्या पिकअपचं वजन ३३ क्विंटल ४० किलो. रिकाम्या गाडीचं १७ क्विंटल ९० किलो. भाव क्विंटलला १,६४० रुपये. निव्वळ माल साडेपंधरा क्विंटल, रक्कम २५,४२० रुपये. मोबाइल न काढता हे करता आलं पाहिजे. पण खरी परीक्षा पुढेच आहे. आता त्याच पट्टीवर १७ च्या जागी ११ लिहून द्या. मुलगा मुकाट्याने गणित करतो. साडेएकवीस क्विंटल, ३५,२६० रुपये. गणित बरोबर, आणि शेठचे ९,८४० रुपये गेले! एखादीच मुलगी पेन थांबवते आणि विचारते, ‘काका, रिकामी पिकअप बारा क्विंटलच्या आत कशी?’ तिला ठेवून घ्या. हे शहाणपण तिच्याकडे आलं ते बापाबरोबर भुईकाट्यावर उभं राहून. ते आपल्याकडे आहे, हेच मुलांना कोणी सांगत नाही. मुलाखतीत ‘अनुभव काय?’ विचारलं की शेतकऱ्याचं पोर ‘काही नाही’ म्हणतं. अरे, चाळीत कांदा भरलास, बारीक गोल्टी कांदा निवडलास, पट्टीचे पैसे मोजून घरी आणलेस, तो काय टाइमपास होता? सांग ना ते!

पगाराकडे येऊ. प्रश्न साधा आहे: ‘शेठ, पगार किती देणार, आणि कोणत्या तारखेला?’ मान खाली न घालता विचारायचा. तासावर, दिवसावर की महिन्यावर तेही विचारायचं. आणि आपल्या गावापुरता एक जादा प्रश्न आहे: कांद्याचे लिलाव बंद राहिले तर काय? ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, सप्टेंबरात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, डिसेंबरात निर्यातबंदीच आली, ती उठली थेट मे २०२४ मध्ये. त्या काळात शेतकऱ्याचं नुकसान झालं, त्यावर सगळे बोलले. खळ्यावर रोजाने हिशेब लिहिणाऱ्या कॉलेजच्या पोराबद्दल कोण बोलणार? बंदच्या दिवसांचा पगार मिळणार नसेल तर नसेल. पण हे आधी कळलं की तो फीसाठी दुसरी तजवीज करतो.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट फार दिसते. वडील बरोबर येतात, खुर्चीवर बसतात आणि सगळी उत्तरं तेच देतात. भाऊ, काळजी मी समजू शकतो. जागा आधी बघून या, कामावर आणखी कोण बाया-माणसं आहेत ते बघा, शेवटची एसटी कितीची ते बघा. पण मुलाखतीच्या वेळी समोरच्या टपरीवर चहा घ्या. वेळेवर सुटायचंय, बस चुकवायची नाही, हे तिनेच तिच्या तोंडाने सांगू द्या. पुढे काही खटकलं तर बोलायचंही तिलाच आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात. मूळ मार्कशीट कोणाकडे ठेवायची नाही, आधारची झेरॉक्स द्यायची आणि तिच्यावर कशासाठी दिली ते लिहायचं. काम देण्याआधीच पैसे मागतो तो काम देणारा नव्हे, मग तो व्हॉट्सॲपवर ‘घरबसल्या डेटा एन्ट्री’ म्हणो की आणखी काही. आपलं बँक खातं दुसऱ्याला वापरायला देऊन ‘कमिशन’ घेणं हे तर कामच नाही. पोलीस दारात आले की कळतं. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, हे पहिल्या रांगेतल्या व्यापाऱ्यांकडे बघून म्हणतो.

पहिल्या रांगेला माझी एक विनंतीही आहे. या मुलांना सराव हवा, आणि तो आम्ही मास्तरांनी घेऊन भागत नाही. आम्हाला सगळे घाबरतात किंवा कोणीच घाबरत नाही. रविवारी लिलाव नसतात. त्या दिवशी दुपारी दोन तास याच सभागृहात येऊन बसा. मुलं एकेक करून समोर येतील. जसं दुकानात बोलता तसंच बोला, उगाच गोड नको. पगाराचा प्रश्न जो विचारणार नाही त्याला परत रांगेत उभं करा. नावं व्यासपीठाच्या डाव्या बाजूला टेबलावर लिहून घेतली जातील. येताना वापरून झालेली काटापट्टीची दोन-चार पुस्तकं आणा, आणि त्यात मुद्दाम थोड्या चुका करून ठेवा.