वीस किलोची रेघ

काळा कोट शिवायला टाकून आलेल्या मुला-मुलींनो,

तुमचं अभिनंदन. पदवी मिळाली, सनदही मिळेल. फोटो नीट येतील, कारण इथं चंद्रपूरच्या ऊर्जानगरात ऐन समारंभात वीज जात नाही अशी माझी समजूत आहे.

अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा 14 नोव्हेंबर 1985 रोजी लागू झाला. मी त्याच सुमारास वकिलीला लागलो, म्हणजे आम्ही दोघं जोडीनंच म्हातारे झालो. माझ्या सीनिअरनी तेव्हा सांगितलं होतं, ‘असल्या केसेस मुंबई-गोव्याच्या. आपल्याकडे दारू आणि जमिनीची भांडणं.’ दारूचं त्यांचं खरं निघालं. गडचिरोलीत 1993 पासून बंदी. चंद्रपुरात 2015 ला आली, 2021 ला उठली. त्या सहा वर्षांत कोर्टाच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नसायची. पव्वे कमरेला बांधून नेणाऱ्या बाया, दप्तरात बाटल्या लपवणारी पोरं, आणि ठोक माल आणणारा शेठ? तो मला आरोपीच्या पिंजऱ्यात क्वचितच दिसला.

गांजाची गोष्ट मात्र सीनिअरना दिसली नव्हती. आंध्र-ओडिशाच्या सीमेवरचा माल रेल्वेनं निघतो आणि महाराष्ट्रात शिरताना बल्लारशाह लागतं. डब्यात बेवारस बॅग सापडली तर प्रश्न नाही. बॅगेजवळ माणूस सापडला की आपलं काम सुरू.

असाच एक पोरगा माझ्याकडे आला. विशीतला, राजुऱ्याकडचा. दोन गोण्या घेऊन फलाटावर बसला होता, पोलीस आले तरी उठला नाही. गोण्या देणारा गाडी थांबायच्या आत पसार. मी कोठडीत विचारलं, आत काय होतं? म्हणाला, ‘मले का मालूम, वकीलसायेब. पोचवून दे म्हणे, पोचवून देत होतो.’ मी शंभराची नोट पुढं केली, विसाचीही केली, आणि मोठी कोणती ते विचारलं. त्यानं जिचा रंग आवडला ती उचलली. आई एका पिशवीत त्याची सगळी हकीकत घेऊन आली होती: लहानपणी आकडी यायची त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, भगतानं दिलेला धागा, शाळेचा एक दाखला. डॉक्टरचा एकही कागद नाही.

पंचनाम्यात गोण्यांसकट वजन एकवीस किलो आणि काही ग्रॅम. गांजा वीस किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण, किमान दहा वर्षं, आणि कलम 37 मुळे जामीन जवळजवळ विसराच. मी मानसिक तपासणीचा अर्ज दिला. तारखेवर तारीख. काही महिन्यांनी एका सरकारी रुग्णालयातून चार ओळींचा अहवाल आला: आरोपी शुद्धीवर आहे, त्याला वेळ, स्थळ, व्यक्ती यांचं भान आहे. अहो, तो आज बुधवार आहे हे सांगू शकतो, यावरून त्या दिवशी गोणीत काय आहे हे त्याला कळत होतं असं कसं ठरतं? मी हेच विचारलं. उत्तर मिळालं, ‘पुढची तारीख.’

आता कायदा ऐका, कारण परीक्षेत तुम्ही तो पाठ केलात आणि विसरलात. एनडीपीएसचं कलम 35 म्हणतं की आरोपीची गुन्हेगारी मनोवस्था, म्हणजे हेतू, माहिती, समज, हे सगळं कोर्टानं गृहीत धरायचं. तसं नव्हतं हे आरोपीनं सिद्ध करायचं, तेही वाजवी शंकेपलीकडे. खुनाच्या आरोपीनं वेडसरपणाचा बचाव घेतला तर सुप्रीम कोर्टानं 1964 पासून त्याला सवलत दिली आहे, शक्यतेचं पारडं त्याच्या बाजूनं झुकलं तरी पुरे. म्हणजे कुऱ्हाड चालवणाऱ्यावर पुराव्याचं ओझं कमी आणि गोणी वाहणाऱ्यावर जास्त. सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या नूर आगा निकालानं कलम 35 मधलं गृहीतक वैध ठरवलं. मूळ ताबा सरकारनं आधी सिद्ध करावा, एवढीच अट घातली.

शिक्षेचंही तेच. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती खानविलकर आणि भंगाळे यांनी 2011 मध्ये कलम 31अ मधली सक्तीची फाशी टिकू दिली नाही, न्यायाधीशाला पर्याय दिला. पुढं 2014 ला कायदाही बदलला. महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या कैद्याची शिक्षा सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये मानसिक आजार पाहून जन्मठेपेवर आणली. फाशीपर्यंत गेलेल्याचं मन तपासायला जागा झाली, दहा वर्षांवाल्यासाठी नाही. कलम 20 मधल्या किमान दहा वर्षांखाली उतरायला मतिमंदत्वाची पायरीच नाही. सिंगापुरात निदान तशी तरतूद कागदावर आहे. तरी 42.72 ग्रॅम हेरॉइनसाठी पकडलेल्या नागेंद्रन धर्मलिंगमला, ज्याचा बुद्ध्यांक 69 निघाला होता, 27 एप्रिल 2022 ला फाशी झालीच.

आमच्या पोराचं काय झालं? मी वजनावर भांडलो. कायद्यातला गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांसोबत नसतील तर पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. पंच फितूर झाला, गोणीचं वजन वेगळं केलेलं नव्हतं, पाला वेगळा काढला नव्हता. माल वीसच्या खाली आला, मधलं प्रमाण धरलं गेलं आणि भोगलेल्या कैदेवर तो सुटला. सहकाऱ्यांनी पेढे मागितले. निकालपत्र मी अजून कपाटात ठेवलंय. त्यात तरुण वय आहे, गरिबी आहे, वजनाची तर पानंच्या पानं आहेत. त्याच्या डोक्याबद्दल एक वाक्य नाही.

म्हणून सांगतो, आणि आज एवढंच सांगायला आलोय. गांजाची केस हातात आली की पहिल्या रिमांडलाच तपासणीचा अर्ज टाका. आरोपपत्राची वाट पाहू नका. अर्जात दोन प्रश्न वेगवेगळे मागा: खटला समजण्याइतपत तो आज सक्षम आहे का, आणि त्या दिवशी काय वाहतोय हे त्याला कळत होतं का. पहिल्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (बीएनएसएस) कलम 367 आणि 368, दुसऱ्याला भारतीय न्याय संहितेचं (बीएनएस) कलम 22. आईची पिशवी पुराव्यात आणा, शाळेच्या मास्तरांना साक्षीला बोलवा. गावात सगळ्यांना माहीत असतं की पोरगं ‘तसंच’ आहे. कोर्टाच्या कागदावर कोणीतरी ते आणायला हवं. विधी सेवेचं पॅनेल घेतलंत तर फी इतकी मिळेल की तिकिटाचे पैसे निघाले तर नशीब, पण अशी माणसं तिथंच येतात.

अर्ज मराठीत लिहा. सरकारी वकील म्हणणं मांडायला वेळ मागतील, तो त्यांना द्या. साहेब म्हणतील, नंतर बघू. तेव्हा नम्रपणे सांगा, साहेब, आजच्या रोजनाम्यात नोंद घ्या.