गहुंज्याच्या मैदानावरचा पृथ्वी शॉ आणि आपल्या घरातली खेळणारी पोरं

(महासंघाच्या देहूरोड येथील मासिक सभेत झालेलं बोलणं. ज्या ताईंना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



आज वही, लिंकेज, थकबाकी यातलं काही बोलायचं नाही, असं अध्यक्षताईंनी मला बजावलंय. तरी शेवटी गाडी कर्जापाशी येणारच, कारण विषयच तिथून निघालाय. आपल्या काही गटांकडे अंतर्गत कर्जाचे जे अर्ज येतायत, त्यात "मुलाची क्रिकेट अकादमी" आणि "मुलाचं किट" ही कारणं आता दिसायला लागलीत. आधी शेळी, शिलाई मशीन, दवाखाना, लग्न एवढंच असायचं. म्हणून म्हटलं, एका पोराची गोष्ट आपण नीट समजून घेऊ. तो आपल्या शेजारच्या मैदानावर खेळतो, म्हणजे परका नाही.

इथून मामुर्डीच्या बाजूनं गेलं की गहुंजे. तिथलं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं मोठं स्टेडियम २०१२ साली सुरू झालं. एक्सप्रेसवेवरून जाताना ते सगळ्यांनी बघितलंय. आत जाऊन सामना बघितलेल्या किती जणी? तीन हात वर आले. बरं. आपल्या जमिनीवर उभं राहिलेलं मैदान आपण लांबूनच बघतो, हा वेगळा विषय, तो पुन्हा कधीतरी.

तर २०२५ पासून महाराष्ट्राच्या संघात पृथ्वी शॉ नावाचा पोरगा आलाय. पोरगा म्हणते, कारण नोव्हेंबर १९९९ चा जन्म. विरारमध्ये वाढला. चार वर्षांचा असताना आई गेली. वडिलांचा कपड्याचा छोटा धंदा होता, तो त्यांनी पोराच्या खेळापायी बाजूला ठेवला. पहाटे उठून, डबा करून, पाठीवर किटची बॅग आणि हाताला पोरगं, असं विरारहून वांद्र्याला लोकलनं जायचं. विरार लोकल ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. त्या गर्दीत मोठ्या माणसाला पाय ठेवायला जागा मिळत नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर शाळांची हॅरिस शील्ड स्पर्धा चालू होती. चौदा वर्षांच्या या पोरानं एका डावात ५४६ धावा काढल्या. संघाच्या नव्हे हो, एकट्याच्या! तिथून पुढं सगळं भराभर झालं. जानेवारी २०१७ ला रणजी स्पर्धेतला पहिलाच सामना, त्यात शतक. फेब्रुवारी २०१८ ला एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक भारतानं जिंकला, कप्तान हाच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला वेस्ट इंडिजविरुद्ध पहिला कसोटी सामना, १३४ धावा. पहिल्याच कसोटीत शतक काढणारा सगळ्यात लहान वयाचा भारतीय. पेपरवाल्यांनी लगेच नवा सचिन, नवा सेहवाग अशी नावं ठेवली. अठरा वर्षांच्या पोराला त्याचं स्वतःचं नाव पुरेसं असतं, असं मला वाटतं. पण आपल्याला कुणाला मोठं करायची फार घाई.

आयपीएलमध्ये दिल्लीच्या संघानं त्याला २०१८ साली १ कोटी २० लाखांना घेतलं. पुढं २०२२ ला साडेसात कोटी देऊन ठेवून घेतलं. आता जरा थांबा आणि आपल्या गटाचं आठवा. आपल्याला पहिलं कर्ज केवढं मिळालं होतं? ते मिळायच्या आधी किती महिने नुसती बचत, किती बैठका, किती प्रशिक्षणं? पहिलं फेडलं तेव्हा दुसरं थोडं मोठं मिळालं. तेव्हा आपण कुरकुर करायचो, की बँक विश्वास ठेवत नाही. पण त्या पायऱ्या होत्या म्हणून पैसा पचला. या पोराला पायऱ्याच नव्हत्या.

मग काय झालं? बऱ्याच गोष्टी झाल्या, आणि सगळ्या त्याच्या चुकीनं झाल्या नाहीत. नोव्हेंबर २०१८ ला ऑस्ट्रेलियात सराव सामन्यात झेल घेताना घोटा दुखावला, दौऱ्यातून परत यावं लागलं. त्यानंतरची गोष्ट मात्र प्रत्येक आईनं लक्ष देऊन ऐकावी अशी आहे. २०१९ मध्ये त्याच्या लघवीच्या तपासणीत टर्ब्युटालिन सापडलं. हे औषध खोकल्याच्या काही सिरपांमध्ये असतं. खोकला झाला म्हणून सिरप घेतलं, असं त्यानं सांगितलं. ते क्रिकेट बोर्डानं मानलं, तरी आठ महिन्यांची बंदी आली, कारण खेळाडूसाठी ते बंदी असलेल्या यादीत आहे आणि परवानगी घेतलेली नव्हती. आपण काय करतो? पोरगं खोकलं की मेडिकलमध्ये जाऊन "ते लाल औषध द्या" म्हणतो, नाहीतर शेजारणीकडची उरलेली बाटली आणतो. ज्यांची मुलं जिल्ह्याच्या, राज्याच्या पातळीवर खेळतात त्यांनी डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं, की मुलगा खेळाडू आहे, चालेल असं औषध लिहून द्या. चिठ्ठी फेकायची नाही, फाईलला लावायची. कुस्ती, कबड्डी, धावणं, सगळ्यालाच हे लागू आहे. आणि तालमीत कुणी पावडरचा डबा किंवा इंजेक्शन दिलं तर तिथंच थांबवायचं.

डिसेंबर २०२०. ॲडलेडची कसोटी. पहिल्या डावात दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा, शून्यावर. दुसऱ्या डावात चार धावा, पुन्हा त्रिफळा. आत येणारा चेंडू बॅट आणि पायाच्या मधल्या फटीतून जात होता. त्याच डावात अख्खा भारतीय संघ ३६ धावांत आटोपला, पण फट दिसली ती याची. त्यानंतर त्याला कसोटी खेळायला मिळालेली नाही. एकूण पाच कसोट्या, ३३९ धावा.

इथंच तो संपला असता तर गोष्ट सोपी होती. पण दोन-तीन महिन्यांत विजय हजारे स्पर्धेत त्यानं मुंबईकडून ८२७ धावा केल्या, चार शतकं, आणि मुंबई जिंकली. जानेवारी २०२३ ला गुवाहाटीत आसामविरुद्ध ३७९, रणजीच्या इतिहासातली दुसऱ्या क्रमांकाची खेळी. ऑगस्ट २०२३ ला इंग्लंडमध्ये एका दिवसाच्या सामन्यात २४४, आणि लगेच गुडघ्याला दुखापत. म्हणजे हातातली कला कुठं गेली नव्हती. तो अधूनमधून डोंगर चढायचा आणि पुन्हा खाली यायचा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईनं रणजी संघातून वगळलं. तंदुरुस्ती आणि शिस्त ही कारणं बातम्यांत आली. पुढच्याच महिन्यात आयपीएलचा लिलाव झाला. पंचाहत्तर लाख पायाभूत किंमत, आणि एकाही संघानं हात वर केला नाही. साडेसात कोटींचा पोरगा, वय पंचवीस.

नंतर एका मुलाखतीत त्यानं स्वतःच कबूल केलं, की निर्णय चुकले, सरावाचा वेळ कमी होत गेला, संगत चुकीची लागली. हे कॅमेऱ्यासमोर बोलायला छाती लागते. आपल्या बैठकीत हप्ता चुकला की आपण काय काय कारणं सांगतो ते आठवा, म्हणजे कळेल.

मागच्या वेळी हा विषय निघाला तेव्हा एक ताई पटकन म्हणाल्या, "आई नव्हती ना, म्हणून." मला ते पटत नाही. ज्यांच्या आया दारात उभ्या असतात त्यांचीही पोरं घसरतात, आणि त्या बापानं पहाटे उठून डबा केला त्याला काही किंमत आहे की नाही? आईवर ढकललं की बाकी सगळे मोकळे होतात. ज्यांनी पैसे लावले, फोटो छापले, पार्ट्यांना बोलावलं, तेही.

असंच विनोद कांबळीचं. फेब्रुवारी १९८८, तीच हॅरिस शील्ड, तेच आझाद मैदान. आचरेकर सरांचे दोन विद्यार्थी, सचिन आणि विनोद. दोघांची नाबाद ६६४ ची भागीदारी. त्यात विनोदच्या ३४९, सचिनच्या ३२६. पुढं १९९३ ला कसोटीत विनोदनं लागोपाठ दोन द्विशतकं काढली. त्याची कसोटीतली सरासरी ५४.२०, सचिनची ५३.७८. पण सचिन २०० कसोट्या खेळला आणि विनोद १७. शेवटची कसोटी खेळला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. का, यावर लोक आजही चहाच्या टपरीवर भांडतात. मी त्यात पडत नाही. मला फक्त तो आकडा बोचतो, सतरा.

आणि क्रिकेटच कशाला, बेसबॉलचं बघा. अमेरिकेतला खेळ, आपल्याकडं फार कुणी खेळत नाही. २००८ साली भारतात एक स्पर्धा झाली, कोण सगळ्यात जोरात चेंडू फेकतो याची. उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेक करणाऱ्या दोन पोरांना त्यातून अमेरिकेच्या एका मोठ्या क्लबनं करार दिला. रिंकूचे वडील ट्रक चालवायचे. त्या वरच्या लीगपर्यंत दोघांपैकी कुणी पोहोचलं नाही. दिनेश परत आला. रिंकू काही वर्षं खालच्या पातळीवर खेळला, दुखापती झाल्या, मग अमेरिकेतच कुस्तीच्या तमाशात शिरला आणि तिथं नाव काढलं. याला फुकट गेलं म्हणायचं का, हे तुम्ही ठरवा. मी तरी म्हणणार नाही.

पृथ्वीकडं परत येते. २०२५ ला मुंबई सोडून तो महाराष्ट्राकडं आला. ऑक्टोबरमध्ये मुंबईशीच सराव सामना झाला, आपल्या गहुंज्यात. त्यानं १८१ धावा काढल्या. बाद झाल्यावर जुन्या संघातल्या खेळाडूशी बाचाबाची, बॅट उगारली, पंच मध्ये पडले. एकाच दिवसात दोन्ही पृथ्वी दिसले. पुढं रणजीच्या पहिल्या सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य, दुसऱ्या डावात ७५. त्यानंतर चंडीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२. हे सगळं एका महिन्यातलं. म्हणून मी त्याची गोष्ट संपलेली म्हणून सांगत नाहीये.

आता आपले अर्ज. माझं मत विचाराल तर कर्ज द्यावं. शेळीला देतो, तर पोराच्या खेळाला का नाही? पण शेळी घेताना आपण दात बघतो, खुरं बघतो. इथंही बघायचं. चांगली इंग्लिश विलोची बॅट पंधरा-वीस हजारांच्या पुढं जाते. बारा वर्षांच्या पोराला ती लागत नाही, काश्मिरी लाकडाची चालते. अकादमीची रंगीत जाहिरात बघून वर्षाची फी एकरकमी भरू नका, महिन्याची भरा. तिथली किती मुलं असोसिएशनच्या निवड चाचणीपर्यंत गेली ते विचारा. उत्तर देताना साहेब इकडंतिकडं बघायला लागले तर समजून जा.

आकडा पण माहीत असू द्या. आपल्या राज्यातून रणजीला तीनच संघ जातात, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. मैदानात एका वेळी अकरा. म्हणून शाळा सुटता कामा नये. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला ठरावीक पातळीच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेची ढाल तिथं चालत नाही. प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी झेरॉक्स.

आणखी एक, हे जरा कडू आहे. वय कमी करून दाखला करून देतो असं सांगणारे लोक फिरतात. त्यांच्या नादी लागू नका. सोळा वर्षांखालच्या क्रिकेटमध्ये मनगटाचा एक्स-रे काढून वय बघतात. तिथं पकडलं की बंदी येते, आणि ती पोरावर येते, दाखला करून देणाऱ्यावर नाही.

पोरगं हरून घरी आलं की त्याच संध्याकाळी हप्त्याची आठवण काढायची नाही, एवढी एक विनंती. कर्ज तुमच्या नावावर आहे, त्याच्या नाही. ते फेडायचं नियोजन तुमच्या धंद्यातून लिहा. अर्जात "मुलगा खेळाडू झाल्यावर फेडेन" असं लिहिलेलं मी वाचलंय. तो अर्ज परत पाठवला, दुरुस्त करून आणायला सांगितला.

शेवटी मागच्या रांगेतून एका ताईंनी विचारलं, "पोरगी खेळत असेल तर?" बरं झालं विचारलं, कारण आलेल्या सगळ्या अर्जांत एकही मुलीचा नाही. सांगलीची स्मृती मानधना याच महाराष्ट्राच्या संघातून वर गेली, आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हा उपकर्णधार होती. अर्ज तोच, नियम तेच. पुढची बैठक दहा तारखेला सकाळी अकरा वाजता आहे. कागद घेऊन या, आणि पोरीलाही घेऊन या. तिच्या खेळाबद्दल तिलाच विचारू.