मायनस आधी

पेरणीच्या घाईत ट्रॅक्टर नेमका सेल्फ घेत नाही, आणि मग घरातलं कुणीतरी पाना घेऊन बॅटरीला भिडतं. त्या भिडणाऱ्याला मला एकच सांगायचं आहे. बॅटरी सोडवताना मायनसची वायर आधी काढा आणि जोडताना ती सगळ्यांत शेवटी लावा.

तुम्ही म्हणाल, १२ व्होल्टची बॅटरी, तिचा कसला शॉक बसतोय? खरं आहे, कोरड्या हाताला १२ व्होल्ट कळतही नाहीत. घात तिथेच होतो. बॅटरी म्हणजे गोठ्यातला गरीब बैल. शिंग उगारत नाही, लाथ झाडत नाही. पण म्हणून त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये उभं राहायचं का? तो नुसता अंग टाकून कलला तरी बरगड्या मोडतील. सेल्फ फिरवताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर देते, आणि त्या जाड वायरीत बहुधा फ्यूजही नसतो.

आता नीट ऐका. आजच्या ट्रॅक्टरची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस तशीच ठेवून तुम्ही प्लसचा नट फिरवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक बॉडीला टेकलं, की तुम्ही बैल आणि भिंतीच्या मध्ये सापडलात. ठिणग्या उडतात, पाना जागीच चिकटून लाल होतो. मध्ये अंगठी किंवा स्टीलचं कडं आलं तर ते हातातच तापतं, आणि तापलेली अंगठी बोटातून निघत नाही. मायनस आधी सोडली असेल तर तोच पाना बॉडीला खुशाल टेकू द्या. बैल दाव्याला बांधलेला आहे. फक्त पाना थेट दोन्ही टर्मिनलांवर आडवा पडला तर दाव्याचाही उपयोग नाही, म्हणून प्लसवर जुन्या ट्यूबचा तुकडा टाकून ठेवा.

मायनस कुठली हे वायरीच्या रंगावरून ठरवू नका. दुरुस्तीत दोन्ही काळ्या घातलेल्या असतात. बॅटरीवरची खूण बघा. प्लसचा खांब थोडा जाडही असतो. काढताना बरोबर काढणारे पुष्कळ आहेत, जोडताना मात्र विसरतात. पुन्हा सांगतो, जोडताना आधी प्लस घट्ट, मग मायनस.

चार्जिंगला लावलेली बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीला पुरतो, आणि मग बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर येतं. तरीही पाणी किती आहे ते बघायला काडी पेटवणारे महाभाग आहेतच! चार्जरचं बटण आधी बंद करा, मग चिमटे काढा. डोळ्यात ॲसिड गेलंच तर चोळू नका. निदान १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची धार धरा आणि तडक दवाखाना गाठा.

खाली उभं राहून सेल्फवर पेचकस टेकवून ट्रॅक्टर चालू करणाऱ्यांवर तर मला अख्खं भाषण द्यायचं होतं. अशा वेळी न्यूट्रलचा स्विच कामच करत नाही. ट्रॅक्टर गियरमध्ये असला तर थेट अंगावर येतो. हे करू नका, एवढंच आज म्हणतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालणाऱ्यांचं राहिलंच. आणि विजेवरच्या मोटारींतल्या नारिंगी केबलांना शिकलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावू नये. तिथे शेकडो व्होल्ट असतात, तो बैल गरीब नाही.

वेळ संपली. गॅरेजवाल्या मित्रांनो, नवं पोरगं कामाला आलं की लगेच त्याच्या हातात पाना देऊ नका. आधी त्याला विचारा, मायनस कुठली ते दाखव.